हुजऱ्या वेगळा, होयबा वेगळा

संपादक महोदय,

निवडणुका जवळ आल्या की बातम्यांत हुजऱ्या, होयबा, चमचा, पित्त्या हे शब्द हाताला लागेल तसे वापरले जातात. प्रत्येकातला आरोप मात्र निराळा आहे.

‘हुजऱ्या’ ही मुळात शिवी नव्हे. अरबी ‘हुजूर’ म्हणजे समक्षता. धन्यासमोर हजर राहून त्याची खासगी कामे करणारा तो हुजऱ्या. साताऱ्यासारख्या राजधानीच्या गावाला तरी हे सांगावे लागू नये. पुण्याची हुजूरपागा म्हणजे पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा. त्या नावाच्या शाळेत शिकल्याचे मुली अभिमानानेच सांगतात. आज साहेबांची गाडी थांबायच्या आत दाराकडे धावणाऱ्याला आपण हुजऱ्या म्हणतो. पगार नसताना धावतो, म्हणून त्यात तिरस्कार. तेच काम नोकरी म्हणून करणाऱ्या शिपायाला किंवा चालकाला हा शब्द लावणे चूकच.

होयबाचा दोष हातापायांत नसतो, जिभेत असतो. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत विषय वाचून संपायच्या आत मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ उठते ना, तो होयबा. तो दार उघडेलच असे नाही.

‘चमचा’ सर्वांत जड. चमचा स्वतः जेवत नाही, दुसऱ्याच्या हाताने चालतो. दलित-बहुजन नेते कांशीराम यांनी १९८२ मध्ये, गांधी-आंबेडकरांतील पुणे कराराला ५० वर्षे झाली तेव्हा, ‘चमचा युग’ या अर्थाचे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि शीर्षकात हाच देशी शब्द ठेवला. आपल्याच समाजाच्या नुकसानीसाठी दुसऱ्याने वापरलेला माणूस, हा त्यांचा अर्थ. नुसत्या खुशमस्कऱ्याला चमचा म्हटले की ही धार जाते. पित्त्या दांडगाईच्या कामाचा. दमदाटीचा संबंध नसेल तर तो शब्द नको.

रूपेही सांभाळावीत. चमचा, चमच्याने, चमचे. पण होयबा अनेकवचनातही होयबाच, फार तर ‘होयबांनी’.

शेवटी छपाईचे. अनेकदा ‘हुजर्या’ छापले जाते. साधा ‘र’, हलन्त आणि ‘या’ टंकले की रफार वर चढतो आणि बिचारा सूर्याच्या पंगतीला बसतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’ घ्यावा, मग हलन्त, मग ‘या’.

– एक भाषाप्रेमी वाचक, सातारा