धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आलेला फोन

मॅडम,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवणार होतो. गेल्या आठवड्यात तिथे फोन केला, तेव्हा कळलं की तुम्ही आता तिथे नाही. तुमचा मोबाइलही बंद लागतो. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आयटीतल्या लोकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या तुमच्या फर्मचं किंवा तुमचं नाव घेत नाही, पण वाचलंत तर तुम्हाला लगेच कळेल. वाकडचा, सोळा वर्षं ओरॅकल या डेटाबेसवर काम केलेला, तेव्हा मुलगी दहावीत असलेला तो माणूस मीच.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमचा प्रोजेक्ट गुंडाळला गेला. काही आठवडे बेंचवर, म्हणजे नव्या प्रोजेक्टची वाट बघत, बसलो आणि ऑगस्टमध्ये एका छोट्या खोलीत बोलावून सांगण्यात आलं, ‘स्वतःहून राजीनामा द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल.’ मी दिला. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

पण त्या तीन महिन्यांत माझं काय झालं होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. रोज दहा-बारा ठिकाणी बायोडेटा जायचा. करंट सीटीसी, म्हणजे आत्ताचं वर्षाचं पॅकेज, किती, एक्सपेक्टेड किती, इमिजिएट जॉइनर आहात का, ही उत्तरं झोपेतही देता आली असती. एका कंपनीत तीन राउंड झाले, तिसऱ्यात ‘वेलकम टु द टीम’ म्हणाले, आणि त्यानंतर पाच आठवडे शब्द नाही. मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. एका एजन्सीने मला न विचारताच माझं प्रोफाइल एका क्लायंटला पाठवून ठेवलं होतं. दुसऱ्या एजन्सीने तेच पुन्हा पाठवलं, तेव्हा ‘ड्युप्लिकेट’ म्हणून दोन्हीकडून बाद झालो. त्यात माझी चूक कोणती होती? एकाने आठ हजार रुपये ‘प्रोसेसिंग’चे मागितले. आणि ज्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं रात्री-बेरात्री प्रॉडक्शनचे कॉल घेतले, त्या माझ्या जुन्या मॅनेजरनी मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या टिका तेवढ्या दिल्या. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

माणूस नकार पचवू शकतो. उत्तरच आलं नाही तर तो रोज सकाळी उठून आशा करतो आणि रात्री स्वतःलाच दोष देतो. मी कमी पडलो, माझं वय झालं, माझं शिक्षण जुनं झालं, असं मी घरात बोलूही लागलो होतो.

तुमचं वेगळेपण पहिल्याच दिवशी दिसलं होतं. प्रोफाइल पुढे पाठवायच्या आधी तुम्ही क्लायंटचं नाव सांगितलंत, मेलवर माझा होकार मागितलात आणि म्हणालात, ‘सर, याच जागेसाठी दुसऱ्या कुणी विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तुमचंच नुकसान होईल.’ ऑक्टोबरच्या शेवटी इंटरव्ह्यू झाला. मग शांतता. मला ती शांतता ओळखीची झाली होती.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी. संध्याकाळचे सात वाजले असतील. मुलीच्या क्लासबाहेर स्कूटर लावून उभा होतो. समोरच्या सोसायटीत कंदील लागले होते. फोन वाजला, तुमचं नाव दिसलं, छातीत धडधडलं.

‘सर, तुमचं झालं नाही. दिवाळीभर तुम्ही फोनकडे बघत बसू नये म्हणून आत्ताच कळवते.’

मॅडम, ऑफिस रिकामं झालं असेल. तुम्हालाही घरी जायचं असेल, पणत्या लावायच्या असतील. नकार कळवल्याबद्दल कुणी तुम्हाला इन्सेंटिव्ह देत नाही. तरी तुम्ही थांबलात, आणि पॅनेलने लिहिलेला शेरा मला वाचून दाखवलात: एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) उत्तम, डोमेनचं म्हणजे त्या व्यवसायाचं ज्ञान पक्कं, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर हात बसलेला नाही. वर म्हणालात, ‘हे शिकता येण्यासारखं आहे, सर. आणि बाजारच थंड आहे, फक्त तुमचं नाही हे.’

बाजार थंड होता हे खरंच. अमेरिकेत मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर अकरा वेळा वाढले, तिकडच्या क्लायंटनी नवे प्रोजेक्ट पुढे ढकलले, आणि त्याची झळ हिंजवडीपर्यंत आली. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात टीसीएसमधली माणसं १३,२४९ ने कमी झाली, इन्फोसिसमधली २५,९९४ ने. मी ज्या कंपनीतून बाहेर पडलो ती यांच्यापुढे फारच लहान. पण हे आकडे पुढे एप्रिलमध्ये छापून आले. नोव्हेंबरमध्ये, स्कूटरवर बसून, मला ते तुमच्या तोंडून कळलं होतं. त्या रात्री बायकोला सांगितलं, ‘झालं नाही, पण का झालं नाही ते कळलं.’ कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाकलं. पैसे लागत नाहीत, वेळ भरपूर होता. ओरॅकलमधल्या काही सोयी तिथे नसतात, काही आज्ञा वेगळ्या लिहाव्या लागतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर: ओरॅकल तिला नल, म्हणजे ‘माहितीच नाही’, समजतं, पोस्टग्रेस समजत नाही. ओरॅकलवरून डेटा हलवताना याच एका गोष्टीने रिपोर्ट चुकतात. जानेवारीत तुम्ही दुसऱ्या क्लायंटसाठी फोन केलात, आणि त्या इंटरव्ह्यूत नेमका हाच प्रश्न आला. ५ फेब्रुवारीला सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर रुजू झालो. पगार तुमच्याच फर्मकडून. पुढे ते कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं आणि आजही मी तिथेच आहे.

काम तुम्ही मिळवून दिलंत त्याबद्दल आभार आहेतच. पण काम मिळवून देणं हा तुमचा व्यवसाय होता, त्याचं कमिशन फर्मला मिळालं. माझे आभार त्या धनत्रयोदशीच्या फोनसाठी आहेत.

माझे वडील विट्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. रात्रीची शेवटची गाडी रद्द झाली की ते माइकवर सांगून थांबत नसत. स्वतः बाकापाशी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांगायचे, म्हणजे त्यांना वेळेत वडापची जीप तरी धरता येईल. त्यांच्या केबिनच्या काचेआडून ‘अजून काही कळलं नाही’ एवढंच म्हणणारेही असायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळेच वडिलांसारखं करतात. २०२३ मध्ये कळलं की फार थोडे करतात, आणि जे करतात त्यांना वरून कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर सांगितलं की भरती कमी झाल्यामुळे तुमच्याकडची निम्मी टीम गेली. ऐकून फार वाईट वाटलं. लोकांना कामाला लावणाऱ्यांवरच ही वेळ यावी! आमच्या क्लायंटकडे व्हेंडर मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सींशी व्यवहार सांभाळायला, एक जागा निघणार आहे असं ऐकतोय. तिथल्या एचआरना मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय. बायोडेटा पाठवा, माझा नंबर तोच आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय बायोडेटा कुठेही पुढे जाणार नाही. झालं किंवा नाही झालं, मला कळेल त्याच दिवशी मी फोन करेन.

आणि एक राहिलंच. त्या फोनच्या शेवटी तुम्ही मुलीला परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या होत्या. ती चांगल्या मार्कांनी पास झाली, आता कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे. ‘त्या मॅडमना कळवलंत का?’ असं तिने दोनदा विचारलं.

आपला नम्र,
वाकड, पुणे