आई, कंगवा उजव्या हातात घे

प्रिय आई आणि बाबा,

सा. नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर आई केस विंचरत होती, डाव्या हातानं. विचारलं तर म्हणालीस, "वय झालं गं आता." आई, डावा खांदा वर जातो आणि उजवाच अडतो, हे कसलं वय?

स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेलं रेडिएशन संपून दोन वर्षं झाली, म्हणून त्याचा संबंध आपण जोडलाच नाही. कातडी काळवंडली होती ती महिन्याभरात निवळली. आतलं काम मात्र सावकाश चालतं. स्तनामागे छातीचे दोन स्नायू असतात, किरण त्यांच्यातूनही जातात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, स्नायूच्या धाग्यांमध्ये कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन साठतं आणि स्नायू ताठर होतो. याला फायब्रोसिस म्हणतात. ते काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा जाणवतं. त्यातला लहान स्नायू तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून खांद्याच्या फऱ्याला जोडलेला असतो. तो आखडला की खांदा पुढे ओढला जातो. तू हल्ली वाकून बसतेस म्हणून मी दोनदा ओरडले होते. चुकलं माझं.

बाबा, आता तुमच्याशी बोलते, रागावू नका. वरच्या फळीवरचा डबा तुम्ही काढता, पिशवी तुम्ही उचलता, तिला हात हलवायला कारणच उरत नाही. त्या हातानं वजन उचलायचं नाही, हात सुजेल, असं पूर्वी सांगत, खरं आहे. पण २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरनंतर आधीच हात सुजलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजनं वाढवत नेली, आणि सूज वाढली नाही. न वापरलेला स्नायू आणखी आखडतो, म्हणून डबा तिला काढू द्या. जड असेल तर खाली हात धरून उभे राहा.

आधी फिजिओथेरपिस्टला दाखवू, मी वेळ घेते. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम ते बहुतेक देतीलच. ओढ जाणवली तर चालेल, कळ आली की थांबायचं. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलेलं कळणार नाही. आणि नवी गाठ, न भरणारी जखम, हाताला सूज, बरगडीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर "बघू पुढच्या तपासणीला" म्हणायचं नाही. लगेच फोन.

बोटं जिथवर पोचतील तिथं भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची, तारीख घालून. ते काम बाबांचं. रविवारी मला ती खूण दाखवा.

तुमची,
ताई