आई-बाबा, गाडीचा ब्रेक आता पक्का आहे

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "गणपतीला त्या बॅटरीच्या गाडीनं येऊ नका, रेल्वेनं या." बाबा काही बोलले नाहीत, पण ते गप्प बसले म्हणजे त्यांच्याही मनात तेच आहे. फोनवर धड सांगता येत नाही म्हणून लिहिते. बाबांचं उभं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं, त्यांना अर्धवट सांगून चालणार नाही.

झालं असं, की सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागायचा आणि सपाटीला आलं की विझायचा. हँडब्रेक ओढलेला नसायचा. बाबा, ब्रेक ऑइलच्या टाकीत तरंगता स्विच असतो. पातळी कमी झाली की उतारावर तेल एका बाजूला सरकतं आणि दिवा लागतो. बॉनेट उघडून पाहिलं तर तेल खालच्या रेघेला टेकलेलं.

तुम्ही म्हणाल, पॅड झिजले की पातळी उतरतेच. खरं आहे. पण या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनरेटरचं काम करते, गाडीचा वेग ओढून धरते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. शहरातल्या गर्दीत गाडी बहुतेक वेळा अशीच हळू होते, त्यामुळे पॅड फारसे झिजत नाहीत. आमचे अजून जवळजवळ नव्याइतके जाड होते. म्हणजे तेल कुठूनतरी बाहेरच जात होतं.

मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पेडलनं काहीच सांगितलं नव्हतं. पेट्रोलच्या गाडीत पाय सारखा ब्रेकवर जातो, पेडल जरा पोकळ झालं तरी लगेच कळतं. इथे पाय तिथे जातोच क्वचित. त्यात बॅटरी पूर्ण भरलेली असली की वीज साठवायला जागा नसते, मोटरची ओढ कमी होते आणि सगळा भार तेलाच्या ब्रेकवर येतो. रात्रभर चार्ज करून सकाळी निघालं की नेमकं हेच होतं. तुमच्या डेपोत एसटीच्या ब्रेकसाठी हवेचा दाब भरून काटा वर येईपर्यंत ड्रायव्हर गाडी हलवायचे नाहीत, हे मी लहानपणी पाहिलंय. आमच्या गाडीत तसा काटा नाही, म्हणून टाकीकडे डोळ्यांनी बघणं भाग आहे.

पावसाळ्यात गळती शोधणं कठीण. फरशी ओलीच असते, वर एसीचं पाणी. म्हणून रात्री चारही चाकांखाली कोरडे पुठ्ठे अंथरले. सकाळी पुढच्या डाव्या चाकाखाली रुपयाएवढा डाग होता. बोटावर चोळून पाहिला, बुळबुळीत, सुकता सुकत नव्हता. चाकाच्या आतल्या अंगाला, पॅड दाबणारा जो कॅलिपर असतो त्याच्याखालून टायरवर ओघळ आला होता. हात लगेच साबणानं धुतले. हे तेल कातडीला वाईट आणि गाडीचा रंगही खातं.

त्यानंतर गाडी चालवलीच नाही. ब्रेकच्या दोन लाइन वेगळ्या असतात, एक गेली तरी दुसरीवर गाडी थांबते, हे मलाही माहीत आहे. पण थांबायला अंतर किती जास्त लागतं, हेही तुम्हीच शिकवलंत. फ्लॅटबेडवर चढवून नेली, कारण चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर मोटरही फिरते आणि बिघडू शकते.

गॅरेजवाल्या दादांनी चाक उतरवून कॅलिपरमधल्या पिस्टनचं रबरी बूट बाजूला केलं आणि मला बोलावून दाखवलं. बूट एका ठिकाणी फाटलं होतं, आत पाणी शिरून पिस्टनवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते. मागच्या सर्व्हिसिंगला पॅड साफ करताना पिस्टन आत ढकलला गेला, तेव्हा तो खडबडीत भाग सीलखाली आला आणि तेल झिरपायला लागलं. ब्रेक कमी वापरला जातो म्हणून तापत नाही, वाळत नाही, आणि मुंबईची हवा तर बारा महिने दमट. नुसतं सील बदलून भागण्यासारखं नव्हतं. नवा कॅलिपर घातला, होजच्या बोल्टला तांब्याचे नवे वॉशर टाकले आणि एका बाजूचे पॅड तेलानं भिजले होते म्हणून पुढचे दोन्हीकडचे बदलले.

काम सुरू करण्याआधी त्यांनी गाडी सर्व्हिस मोडला घातली. पेडलमागचा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर इलेक्ट्रिक असतो, तो अचानक चालू झाला तर हात अडकतो. जॅकसुद्धा ठरलेल्या जागीच लावला, कारण गाडीच्या तळाला अख्खी बॅटरी असते. मग डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली फोडून चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढली, चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसच्या युनिटमधली संगणक जोडून काढली. उघड्या बाटलीतलं तेल हवेतलं पाणी शोषतं आणि ओलं तेल लवकर उकळतं, म्हणून जुनं वापरू दिलं नाही. शेवटी पेडल जोरात दाबून धरायला मला बसवलं आणि ते खाली टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघत होते. पेडल जागचं हललं नाही.

त्यानंतर पुन्हा पुठ्ठे अंथरले, कोरडे राहिले. मी आता दर रविवारी टाकी बघते, पातळी आहे तिथेच आहे. परशुराम घाट उतरताना बॅटरी बरीच रिकामी झालेली असेल, त्यामुळे मोटरची ओढही पूर्ण मिळेल.

आई, म्हणून आम्ही गाडीनंच येतोय. हरतालिकेच्या दिवशी पहाटे निघू, दुपारच्या जेवणाला घरी. बाबा, तुमच्या जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते फोनवर सांगा. दोन वर्षं उलटली असतील तर मी बाटली घेऊन येते, मागच्या चाकांचे व्हील सिलिंडर आपण दोघं मिळून बघू.

तुमची,
लेक