बेलाजोला जेवायला बसण्यापूर्वी

कर्जत, दि. २० ऑगस्ट

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सप्टेंबरच्या अखेरीस तू आणि निखिलराव म्युनिकहून सुट्टीसाठी कोमो सरोवराकाठी बेलाजोला जाणार आहात, हे तू फोनवर सांगितलेस आणि तिथे जेवायचे कुठे, काय मागवायचे, हेही विचारलेस. फोनवर मी चार वाक्यांत उत्तर दिले खरे, पण त्याने माझे समाधान झाले नाही. आयुष्यभर भातपिकाचे काम केलेल्या माणसाला त्या भागातले जेवण म्हणजे तिथली जमीन, पाणी आणि माणसांचे कष्ट समजून घेण्याची उत्तम वाट वाटते, आणि तुम्ही दोघे इतक्या लांब जाऊन ती वाट चुकावी असे मला वाटत नाही.

माझे म्हणणे मुख्यतः एवढेच आहे, की सरोवराचे दृश्य कुठल्या टेबलावरून चांगले दिसते हे पाहून जेवणाची जागा ठरवू नका. त्या सरोवरात जे मिळते, मागच्या डोंगरांत जे पिकते आणि दक्षिणेच्या मैदानातून जे धान्य येते, तेच जिथे शिजते तिथे बसा, आणि त्याला शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा मनापासून द्या. दृश्य तर दिवसभर बोटीतून, रस्त्यावरून, खिडकीतून दिसतच राहते.

सरोवराचे दोन फाटे जिथे फुटतात त्या टोकावर बेलाजो वसले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपभरातले श्रीमंत लोक तिथे हवापालटासाठी येऊ लागले आणि काठावर मोठमोठी हॉटेले उभी राहिली. बेलाजोचे ग्रँड हॉटेल १८७३ साली सुरू झाले. त्या काळी युरोपातल्या अशा हॉटेलांत फ्रेंच धर्तीचे जेवण वाढण्याची पद्धत होती. कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या चुलीवर जे शिजत होते, ते पाहुण्यांच्या पानात यायला बराच काळ जावा लागला. आज तेच पदार्थ तिथले भूषण मानले जातात, याचा मला फार आनंद वाटतो. तरीही पर्यटकांच्या गर्दीत धक्क्यासमोरची काही उपाहारगृहे पिझ्झा आणि टोमॅटोच्या रश्शातला पास्ता एवढ्यावरच भागवतात. टोमॅटो आणि पिझ्झा ही मुळात नापोलीकडची, म्हणजे दक्षिणेची परंपरा आहे. लोम्बार्दीत, म्हणजे मिलान आणि कोमो ज्या प्रांतात येतात तिथे, स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या लोण्यावर झाला, कारण पो नदीच्या पाणथळ मैदानात आणि आल्प्सच्या कुरणांत गाईगुरे भरपूर होती. सरोवराच्या पाण्यामुळे काठावरची थंडी सौम्य होते आणि लेन्नोच्या आसपास ऑलिव्हची झाडेही तगतात, इतक्या उत्तरेला ते विशेषच म्हणायचे; पण ते तेल थोडे आणि मोलाचे, रोजच्या फोडणीचे नव्हे.

आता तांदळाबद्दल. मिलानच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला पाव्हिया, नोव्हारा आणि वेर्चेल्ली या भागांत मैलोन्‌मैल भातखाचरे आहेत आणि युरोपीय संघात सर्वांत जास्त तांदूळ इटलीतच पिकतो. १४७५ साली मिलानच्या स्फोर्झा ड्यूकने फेराराच्या राजघराण्याला तांदळाची पोती पाठवल्याची नोंद एका पत्रात सापडते, म्हणजे हे पीक तिथे किमान साडेपाचशे वर्षांचे आहे. पुढे १८६६ साली पूर्ण झालेल्या कावूर कालव्याने, जो ८० किलोमीटरहून अधिक लांब आहे, पो नदीचे पाणी या खाचरांना पुरवले आणि भातशेती पक्की झाली. खाचरांतले तण काढण्यासाठी दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला दूरदूरच्या गावांतून बायका येत, गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून राबत. वेर्चेल्लीच्या भागात आठ तासांच्या कामाचा दिवस या बायकांनी लढा देऊन १९०६ साली मिळवला, इटलीतल्या अनेक कामगारांच्या आधी. रिसोत्तोची, म्हणजे तिथल्या मऊ भाताची, बशी तुमच्या पुढ्यात येईल तेव्हा या बायकांना हे श्रेय द्यावे, असे मला मनापासून वाटते.

रिसोत्तोसाठी तिथे कार्नारोली किंवा आर्बोरिओ या जाती वापरतात. दाणा आखूड, जाड आणि मध्यभागी पांढुरका असतो. हा तांदूळ धूत नाहीत, कारण त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्चच पुढे रिसोत्तोला मऊपणा देतो. कांदा लोण्यात परतून त्यावर कोरडा तांदूळ गरम करतात, थोडी पांढरी वाइन घालून ती आटू देतात, मग उकळते सूप पळीपळीने घालत सतरा-अठरा मिनिटे शिजवतात आणि शेवटी आचेवरून उतरवून गार लोणी व किसलेले चीज जोराने घोटतात. दाणा बाहेरून मऊ आणि आत किंचित कणीदार राहिला पाहिजे. तो कच्चा राहिला असे समजून परत पाठवू नका. बशी हलवली तर भात लाटेसारखा पसरावा, ढिगासारखा उभा राहू नये, ही तिथली परीक्षा आहे. मोठ्या गर्दीच्या स्वयंपाकघरांत पुष्कळदा तांदूळ आधी अर्धवट शिजवून तबकांत पसरून ठेवतात आणि मागणी आली की पुरा करतात. म्हणून मेनूत रिसोत्तोपुढे ‘किमान दोघांसाठी, वीस मिनिटे’ अशी सूचना दिसली तर नाराज होऊ नका. तिथे तुमच्यासाठी तांदूळ नव्याने चुलीवर चढणार आहे, असा तिचा अर्थ होतो.

निखिलराव पूर्ण शाकाहारी आहेत, त्यामुळे इथे एक गोष्ट काळजीपूर्वक सांगतो. भाज्यांचा किंवा केशराचा रिसोत्तो वरून शाकाहारी दिसला तरी त्यातले सूप बहुधा मांसाचे असते, आणि मिलानच्या पद्धतीच्या केशरी रिसोत्तोत परंपरेने हाडातला मगजही घालतात. त्यामुळे मागवण्यापूर्वी सूप भाज्यांचे आहे का, म्हणजे ‘ब्रोदो वेजेताले’ आहे का, हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरून केली जातात. ती खायची की नाही हा निर्णय त्यांचा आहे, पण तो माहिती असून घेतलेला असावा. नको असल्यास ‘सेंझा फोर्माज्जो’ म्हटले की चीज घालत नाहीत. तुला म्हणून आणखी एक सांगतो: मांझो म्हणजे गोमांस, वितेल्लो म्हणजे वासराचे मांस आणि मायाले म्हणजे डुकराचे, हे तीन शब्द लक्षात ठेव. शेजारच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातले ब्रेझाओला नावाचे वाळवलेले मांस सुरुवातीला पातळ काप करून आणतात, तेही गोमांसच असते.

त्याच वाल्तेल्लिनातला पित्सोक्केरी हा पदार्थ मात्र निखिलरावांनी आवर्जून मागवावा. कुट्टूच्या पिठात थोडे गव्हाचे पीठ मिसळून केलेल्या आखूड रुंद पट्ट्या, बटाटा आणि कोबी एकत्र उकडतात आणि त्यावर तिथले कासेरा चीज व लसूण घालून तापवलेले लोणी ओततात. चीज त्यांना चालत असेल तर याहून चांगले शाकाहारी जेवण त्या डोंगरांत मिळणार नाही. थंड, उताराच्या, हलक्या जमिनीत गहू धड येत नाही तिथे कुट्टूने माणसे जगवली, आणि त्या धान्याचा किंचित कडसर स्वाद लोण्याबरोबर फार शोभतो.

तू मासे खातेस, म्हणून तुझ्यासाठी सरोवराचे पदार्थ. पेर्सिको नावाच्या माशाचे छोटे काप पिठात घोळवून लोण्यात तळतात आणि सेजच्या पानांसह भातावर मांडतात. कोमोच्या काठचा हा सर्वांत परिचित पदार्थ आहे. मासा सरोवरातलाच आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही. मेनूत पदार्थाच्या नावापुढे तारा काढलेला असेल तर तो जिन्नस गोठवलेला असू शकतो, तळटीप वाचावी. पण माझा जीव खरा जडला तो मिसोल्तिनीवर. आगोनी नावाचे मासे उन्हाळ्याच्या तोंडी पकडून, साफ करून, मीठ लावून, दोरीला ओवून उन्हावाऱ्यात वाळवतात, मग तमालपत्रासारख्या लॉरेलच्या पानांचे थर देत डब्यात रचून वर वजन ठेवतात. दाबाने माशाचे तेल सुटते आणि त्यात ते महिनोन्‌महिने टिकतात. खाताना निखाऱ्यावर शेकून व्हिनेगर शिंपडतात आणि सोबत पोलेंताचा भाजलेला तुकडा देतात. आम्ही दोघे तिथे गेलो होतो तेव्हा तुझ्या आईला तर पहिल्याच घासाला तिच्या माहेरची, हर्णैची सुकी मासळी आठवली, आणि तिने वाढणाऱ्या बाईंना खुणांनीच मासळी वाळत घालायची आपली रीत समजावली. वास उग्र असतो, म्हणून काही उपाहारगृहांत ती परक्या पाहुण्यांना आपणहून सुचवत नाहीत. तू मुद्दाम माग.

पोलेंता म्हणजे मक्याच्या जाडसर पिठाचे घट्ट शिजवलेले अन्न. मका अमेरिकेतून आला, सोळाव्या शतकानंतर उत्तर इटलीत पसरला आणि उत्पन्न भरघोस असल्यामुळे गरिबांचे मुख्य अन्न झाला. गहू व तांदूळ विकायला आणि मका खायला, अशी अनेक कुटुंबांची स्थिती झाली. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या माणसांना पेलाग्रा होऊ लागला, कारण मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तो दोष घालवत, पण ती रीत युरोपात आली नाही. कातडी सोलवटणे, जुलाब आणि शेवटी भ्रम, अशी ही व्याधी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत या रोग्यांची संख्या लाखाच्या घरात होती, आणि त्यांतले बहुतेक लोम्बार्दी आणि व्हेनेतोमधले शेतमजूर होते. आपल्याकडे दख्खनमधल्या मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या लोकांतही हा रोग आढळला आणि हैदराबादच्या पोषणसंशोधकांनी १९६०च्या सुमारास त्याचा अभ्यास केला, तेव्हापासून हा विषय माझ्या मनात आहे. आज लोणी, लसूण आणि चीज घातलेली ‘पोलेंता उन्चा’ सरोवराकाठच्या चांगल्या उपाहारगृहांत मानाने वाढली जाते. ती खाताना हा इतिहास तुम्हा दोघांना ठाऊक असावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्याने घास कडू होत नाही, उलट त्या अन्नाविषयी आदर वाढतो.

जेवणाचा क्रम सोपा आहे. आधी आंतिपास्तो म्हणजे सुरुवातीचे थोडे खाणे, मग प्रीमो म्हणजे भात किंवा पास्ता, मग सेकोंदो म्हणजे मासे किंवा मांस, भाज्या वेगळ्या मागवायच्या, शेवटी गोड आणि कॉफी. सगळे मागवलेच पाहिजे असे नाही. दोघांत एक आंतिपास्तो आणि प्रत्येकी एक प्रीमो पुरेसा होतो. माशाच्या पदार्थावर चीज मागू नये आणि जेवणानंतर दुधाची कॉफी मागवण्याची तिथे रीत नाही. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम लावतात, ती पावाची आणि मांडणीची असते. मेनूत लिहिलेली असते, वाद घालू नये. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण तुम्हाला उठवण्याची घाई त्यांना अशोभनीय वाटते. दुपारचे स्वयंपाकघर साधारण अडीचला बंद होते आणि रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळते, तेव्हा भुकेचे वेळापत्रक त्याप्रमाणे बसवा. वाइन घेणार असाल तर वाल्तेल्लिनाची लाल वाइन विचारा. उभ्या डोंगरउतारावर दगडी बांध घालून ती द्राक्षे वाढवलेली असतात.

हॉटेलात खोलीबरोबर रात्रीचे जेवणही धरलेला दर देऊ करतील. तो सगळ्या रात्रींसाठी घेऊ नका. एखादी संध्याकाळ मोठ्या हॉटेलच्या बागेत अवश्य घालवा, ती शान पाहण्यासारखीच असते. पण एक जेवण पलीकडच्या वारेन्नात आणि एक डोंगराकडच्या एखाद्या ‘क्रोत्तो’त ठेवा. खडकातल्या नैसर्गिक गार पोकळ्यांत पूर्वी वाइन आणि चीज साठवत, तिथेच पुढे या खाणावळी झाल्या. वारेन्नाला बोटीने पाऊण तासही लागत नाही, अवघ्या पंधरा-वीस मिनिटांचे अंतर आहे, मात्र परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे जेवायला बसण्यापूर्वी धक्क्यावरच्या फलकावर पाहून घ्या. सप्टेंबरअखेर जंगलातली पोर्चिनी अळंबी बाजारात आलेली असतात. ती मेनूत दिसली तर निखिलरावांसाठी भाज्यांच्या सुपातला अळंबीचा रिसोत्तो मिळेल का, हे टेबल राखून ठेवताना फोनवरच विचार, म्हणजे त्यांना सूप वेगळे करायला वेळ मिळेल.

आईने तुझ्यासाठी मेतकूट आणि निखिलरावांसाठी गोडा मसाला काढून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात म्युनिकला येणाऱ्या ओळखीच्या मुलाबरोबर पाठवतो. निखिलरावांना आमचे आशीर्वाद सांग. परत आल्यावर कुठे काय खाल्लेत आणि रिसोत्तोचा दाणा कसा होता, ते सविस्तर कळव.

तुझे,
बाबा