अंतुले यांच्याविषयी लिहिताना

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्यावर निबंध लिहायला घेतल्याचे तू कळवलेस आणि त्यांना मुस्लिम नेते म्हणून मांडावे की नुसते मुख्यमंत्री म्हणून, असेही विचारलेस. या प्रश्नावर विचार करताना मला आपल्या जुन्या घराचा अर्धवट राहिलेला स्लॅब आठवला.

जून 1980 मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले, तेव्हा मी आठवीत होतो. सावित्रीकाठच्या आंबेत गावचा मुलगा विलायतेत जाऊन बॅरिस्टर होतो, 1962 पासून श्रीवर्धनचे प्रतिनिधित्व करतो आणि महाराष्ट्राचा पहिला मुस्लिम मुख्यमंत्री होतो, याचे तुझ्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार अप्रूप होते. दसरा चौकातल्या, शाहू महाराजांच्या काळात 1906 साली सुरू झालेल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून ते शिकले होते. त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि शेजारचे मास्तर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आपले मुख्यमंत्री मोठे धडाडीचे दिसतात."

धडाडी होतीच. दीड वर्षाच्या कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे निर्माण झाले, निराधारांसाठी संजय गांधी अनुदान योजना आली, लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणा झाली. उच्च न्यायालयाचे औरंगाबादचे पीठही ऑगस्ट 1981 मध्ये त्यांच्याच काळात बसले. (आम्हा कोल्हापूरच्या वकिलांना उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी, म्हणजे फिरत्या पीठासाठी, ऑगस्ट 2025 पर्यंत वाट पाहावी लागली, हे तुला निराळे सांगायला नको, माझी अर्धी वकिली त्या आंदोलनात गेली.)

आता सिमेंट. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि परमिटाशिवाय ते मिळणे दुरापास्त होते. दादांनी अर्ज करून कितीतरी महिने झाले होते. सळ्या बांधलेल्या अवस्थेत स्लॅब पावसात गंजत होता. अशा वेळी 1981 मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले, की मुख्यमंत्र्यांनी स्थापलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानासारख्या न्यासांना देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंटचा जादा कोटा मिळतो. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी मुंबई उच्च न्यायालयात देणगी आणि कोटा यांतला संबंध मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला.

दुसऱ्या दिवशी तेच मास्तर दारात येऊन म्हणाले, "बघितलंत, तुमच्या अंतुलेंनी काय केलं ते?" पेढा खाताना जे 'आपले' होते, ते सिमेंटच्या पायी 'तुमचे' झाले. ज्या माणसाला स्वतःला सिमेंटची गोणी मिळत नव्हती, त्याच्याकडून त्या कोट्याचा खुलासा मागितला जात होता, आणि दादांनी काही उत्तर न देता मान खाली घातली, हे मला अजून खुपते. मास्तर वाईट नव्हते. आमच्या परमिटासाठी पुढे त्यांनीच खेटे घातले.

यावरून अंतुले यांच्यावर झालेल्या भ्रष्टाचाराच्या खटल्याचा पुढचा भाग तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. भाजपचे नेते रामदास नायक यांच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ठरवले, की पद सुटल्यावर खटल्याला पूर्वपरवानगी लागत नाही, आणि प्रकरण विशेष न्यायाधीशाकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग केले. 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तोच वर्ग करण्याचा आदेश मागे घेतला, कारण कायद्याने असे खटले फक्त विशेष न्यायाधीशापुढे चालायचे होते आणि न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला बसता कामा नये. डिसेंबर 1991 च्या निकालात खटला लवकर चालण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, येतो असे म्हणून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुदत मात्र ठरवून दिली नाही. माझ्या अनेक अशिलांना, ज्यांनी अंतुले यांचे नावही ऐकले नव्हते, त्या निकालाचा आधार मिळाला.

नंतर ते खासदार झाले, केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि 2006 मध्ये नव्याने निघालेल्या अल्पसंख्याक मंत्रालयाचे पहिले मंत्री झाले. एके काळी अख्खे राज्य हाताळलेल्या माणसाला उतारवयात नेमके हेच खाते मिळावे, याचे मला तेव्हाही हसू आले होते आणि वाईटही वाटले होते. 2009 मध्ये रायगडातून ते अनंत गीते यांच्याकडून हरले आणि डिसेंबर 2014 मध्ये वारले.

तेव्हा बाळ, जिल्हे आणि निराधार योजना त्यांच्या खाती मांड आणि प्रतिष्ठानाच्या देणग्याही त्यांच्याच खाती मांड. त्यांच्या धर्माचा उल्लेख जिथे तो खरोखर आडवा आला तिथेच कर. तशी एक जागा आमच्या दारात होती, हवी तर ती वापर, पण मास्तरांचे नाव घालू नकोस. आणि 1988 च्या निकालातली भिन्नमताची पाने कंटाळून वगळू नकोस. ईदला येशील तेव्हा त्यांची प्रत माझ्यासाठी आण, माझी कोणीतरी नेली ती परत आलेली नाही.

तुझे,
अब्बा