हेदवीच्या मावशींना

ती. मावशींना सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नातीकडून मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही आमच्या मुलांसाठी जे केलंत ते चार लोकांना कळावं, म्हणून उघडच लिहिते आहे.

आमची शाळा देशावरची, सातारा जिल्ह्यातली. परीक्षा संपल्यावर कुंभार्ली घाट उतरून गुहागर तालुक्यात तुमच्या हेदवीला आलो, तेव्हा कितीतरी मुलं समुद्र पहिल्यांदाच बघत होती. दशभुजा गणपतीचं दर्शन घ्यायचं, पुळणीवर खेळायचं आणि गाडीत बसायचं, एवढंच एरवी सहलीच्या वाट्याला येतं. मुलांना कातळ दिसला तो तुमच्यामुळे.

फोनवर तुम्ही आधी तिथी विचारलीत. चैत्र वद्य द्वितीया म्हटल्यावर लगेच म्हणालात, "तिथीची पाऊणपट करायची, दोनाची दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला पाणी पार खाली. सातला उमामहेश्वराच्या देवळापाशी या." पुनवेनंतरचं उधाण, त्यामुळे सुकतीही, म्हणजे ओहोटीही, मोठी. एरवी पाण्याखाली असणारा काळा कातळ त्या सकाळी दूरवर उघडा पडला होता.

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत ते कुठल्या पाठ्यपुस्तकात मावणार नाही. भरतीचं पाणी क्वचितच पोचतं त्या वरच्या भेगांतल्या बारीक गोगलगायी, त्याखाली कातळाला घट्ट चिकटलेली कालवं आणि अगदी खाली, डबक्यांत, समुद्रफुलं, म्हणजे फुलांसारखे दिसणारे प्राणी. रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा एका मुलीच्या पावलाजवळून चालत गेला, तेव्हा ती श्वास रोखून उभी राहिली होती. एक दगड तुम्ही हळूच उलटा केलात. खाली कायटन नावाचा प्राणी होता, पाठीवर आठ पट्ट्यांचं कवच असलेला. सगळ्यांचं बघून झाल्यावर दगड होता तसाच परत ठेवलात, तीच बाजू खाली. "वरची बाजू उन्हाची, खालची सावलीची. उलटा राहिला तर दोन्हीकडची मरतात," असं म्हणालात. पुढचा दगड मुलांनी तुमच्याच पद्धतीने ठेवला, कुणी न सांगता.

एका मुलाने आग्रह केला म्हणून तुम्ही एकच कालव फोडून दाखवलंत. टोकदार लोखंडी हत्याराचा एक नेमका घाव, वरची शिंप निघाली, आतला मऊ गर वाटीत. खालची शिंप कातळालाच राहिली. बाकी तुमची कालवं भरायची पाटी रिकामीच होती, आणि मला लिहायचं आहे ते खरं तर त्याबद्दल. उधाणाची सुकती म्हणजे कालवं काढायचे दिवस. तुमच्या शेजारणी लांबवर वाकून कामाला लागलेल्या आम्हाला दिसत होत्या. एका सकाळची कमाई तुम्ही आमच्यासाठी सोडलीत. पैसे पुढे केले तर हातही लावला नाहीत, उलट मुलांना कोकम सरबत पाजलंत.

"पाणी फिरलं, चला वर," असं तुम्ही म्हणालात तेव्हा आम्हाला कुणालाच पाण्यात काही फरक दिसत नव्हता. थोड्याच वेळात आमची डबकी एकेक करून बुडाली. अनोळखी कातळावर मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने असं माणूस सोबत असल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे मी मनापासून सांगते.

दुपारी भर भरतीला तुम्ही पुन्हा आलात, बामणघळ दाखवायला. त्या चिंचोळ्या घळीत लाट शिरते, कोंडते आणि पाणी उसळून वर फेकलं जातं. मुलांना कुठवर जाऊ द्यायचं ते तुम्ही ठरवलंत आणि सगळा वेळ घळीच्या बाजूला स्वतः उभ्या राहिलात. लाटांनी भेगेतला कातळ फोडत फोडत घळ कशी कोरली ते मी सांगत होते, पण मुलांचं सगळं लक्ष त्या उसळत्या पाण्याकडे, आणि ते बरोबरच होतं.

आता वर्गातल्या दिनदर्शिकेवर मुलं रोज तिथीची पाऊणपट करून हेदवीच्या भरतीची वेळ लिहितात. समुद्र इथून घाटापलीकडे, तरी!

पुढच्या चैत्रात पुन्हा यायचं ठरतं आहे. तेव्हा मात्र तुम्ही तुमची कालवं काढायची. आम्ही बाजूला उभं राहून बघू, आणि पाटी उचलायला मुलं आहेतच.

तुमची,
सहलीतल्या बाई