‘फायबर’ कोणते आणि किती, हेही छापावे

महोदय,

वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर ‘फायबर खा, कोलेस्टेरॉल घटवा’ असा सल्ला अलीकडे वारंवार वाचायला मिळतो. सल्ला खोटा नाही. परंतु फायबर कोणते आणि दिवसाला किती, हे त्यात क्वचितच सांगितलेले असते. औषधांच्या दुकानात एकतीस वर्षे औषधनिर्माती म्हणून काम करताना मी असे कात्रण हातात घेऊन आलेली अनेक माणसे पाहिली आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना या दोन प्रश्नांची उत्तरे मलाच द्यावी लागली आहेत.

फायबर म्हणजे शाळेत आपण ज्याला ‘चोथा’ म्हणून शिकलो ते अन्नातले तंतू, आणि ते सगळे एका जातीचे नसतात. गव्हाचा कोंडा, पालेभाज्यांचे देठ, ज्वारी-बाजरीच्या भाकरीतला बराचसा चोथा पाण्यात विरघळत नाही. त्याने पोट साफ राहते आणि तो खायलाच हवा, पण रक्तातील एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलवर, त्याचा परिणाम फारसा होत नाही. तो परिणाम करतात ते पाण्यात फुगून बुळबुळीत होणारे विद्राव्य तंतू. इसबगोल, ओट्स आणि जव, भिजवलेले मेथीदाणे, भेंडी, राजमा, पेरू यांत ते भरपूर असतात. यकृत चरबी पचवणारी पित्ताम्ले बनवते ती कोलेस्टेरॉलपासूनच, आणि एरवी आतड्यात उतरलेली बहुतेक पित्ताम्ले पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. या बुळबुळीत थरात अडकलेली पित्ताम्ले मात्र शौचावाटे बाहेर पडतात, ती तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील एलडीएल ओढून घेते, आणि म्हणून तपासणीच्या कागदावरचा आकडा खाली येतो. यात चमत्कार काहीच नाही, त्यामुळे प्रमाण पाळले नाही तर फळही मिळत नाही.

हे प्रमाण ठाऊक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली ओट्सच्या आणि 1998 साली इसबगोलाच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा दावा छापू दिला, तो दिवसाला अनुक्रमे 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन (ओट्समधील विद्राव्य तंतू) आणि 7 ग्रॅम विद्राव्य तंतू या प्रमाणाशी बांधून. सात ग्रॅमसाठी इसबगोलाची भुशी सुमारे 10 ग्रॅम लागते, म्हणजे रात्री झोपताना घेतलेला एखादा चमचा पुरत नाही. तीन ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी 60 ते 75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, तेवढे ‘ओट्सच्या’ दोन बिस्किटांत असणे शक्य नाही. हे सारे नियमाने केले तर एलडीएल साधारण 5 ते 10 टक्क्यांनी उतरते. गुजरातमधील उंझ्याच्या बाजारातून जगभर जाणाऱ्या आपल्याच इसबगोलाचे हे श्रेय खरे आहे, आणि एवढ्या स्वस्त वस्तूसाठी ते लहान नाही.

परंतु ते गोळीची जागा घेत नाही. आमच्या शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली होती. ‘आता नैसर्गिक उपाय करतो’ म्हणून त्यांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी स्वतःच्या मनाने थांबवली आणि कोंड्याची बिस्किटे व एक महागडी पावडर सुरू केली. तीन महिन्यांनी त्यांचे एलडीएल 68 वरून 141 वर गेले होते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा रुग्णाचे एलडीएल 55 च्या खाली हवे. स्टॅटिनने ते 30 ते 50 टक्क्यांनी उतरते. इसबगोल त्या गोळीच्या जोडीला चालते, बदली नाही. काकांना हे कोणी सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या इतर पूरकांचे तर एवढेही सांगता येत नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मासळीचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ या सहा पूरकांची तुलना रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या अवघ्या 5 मिलिग्रॅमच्या गोळीशी केली होती. अठ्ठावीस दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी उतरले, पूरकांपैकी एकानेही मात्र ते औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीहून लक्षणीय अधिक उतरले नाही. लाल यीस्ट तांदळात जे काही काम करते ते मोनॅकोलिन के, म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. ज्याला स्टॅटिन नको म्हणून ही कॅप्सूल हवी असते, तो नकळत, न मोजलेल्या मात्रेत स्टॅटिनच घेत असतो. आपल्या गुग्गुळाविषयी मला ममत्व आहे, तरीही 2003 साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत त्याच्या अर्काने एलडीएल घटण्याऐवजी थोडे वाढलेच, हे लपवून कसे चालेल?

आपल्याकडे पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. त्याच डब्याची जाहिरात मात्र कोलेस्टेरॉलविषयीच्या लेखाशेजारी दिसते. संपादक या नात्याने आपण एवढे जरूर करावे: फायबरविषयीच्या प्रत्येक लेखात विद्राव्य तंतूंचे ग्रॅम द्यावेत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी थांबवू नये, हे वाक्य चौकटीत छापावे. त्या चौकटीत जागा उरली तर आणखी दोन गोष्टी घ्याव्यात. इसबगोल मोठा पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावे, कारण कोरडे घेतल्यास ते घशात फुगून अडकू शकते. आणि थायरॉईडच्या गोळीपासून ते काही तास दूर ठेवावे, कारण त्या गोळीचे शोषण त्याने कमी होऊ शकते.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माती, सातारा